जळालेल्या भट्टीचा सौदा

जळून कोळसा झालेली भट्टी विकत घ्या आणि वर नफाही द्या, असं सांगणारं पत्र नागेश सबनीसने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. त्याने ते दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्याच्या डोक्यात तिडीक गेली.

"वहिनी, ही सरळसरळ लूट आहे," तो म्हणाला.

"अजून तुम्ही फक्त पत्र वाचलंय, भाऊजी," ऊर्मिला म्हणाली. "यांना बोलू द्या."

ऊर्मिला सबनीसने वीस वर्षं फ्रँकफर्टमधल्या बँकांची दप्तरं तपासली होती. तीन वर्षांपूर्वी तिने नोकरी सोडली आणि बोकनहाइममध्ये दोन खोल्यांची डिटेक्टिव्ह एजन्सी उघडली. नागेश तिचा धाकटा दीर, झिंडेलफिंगेनला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. सध्या कुर्त्सआर्बाइट चालू होतं, म्हणजे आठवड्यातून दोनच दिवस काम. उरलेल्या दिवशी तो वहिनीला मदत करायला यायचा, असं त्याचं म्हणणं. ऊर्मिलाच्या मते तो फक्त रागवायला यायचा.

समोरच्या खुर्चीत बसलेल्या बाईंचं नाव सईदा परकार. मूळच्या दापोलीच्या. नवरा विमानतळावर मालाच्या विभागात होता, सहा वर्षांपूर्वी गेला. त्यानंतर बाईंनी ऑफनबाखमध्ये लहानशी बेकरी काढली. नानकटाई, पाव, खारी, टोस्ट. देशी दुकानं तिचा माल उचलत होती आणि तुर्की दुकानंही. जुनी भट्टी अपुरी पडायला लागली म्हणून ईदच्या आधी त्यांना मोठी इटालियन भट्टी हवी होती.

"व्याजाचं कर्ज मला नको होतं," सईदाबाई म्हणाल्या. "नवरा असतानाही आम्ही कधी घेतलं नाही. मग कपिल मुळ्ये भेटला. चिपळूणचा पोरगा. 'वादी-माइन फिनान्स'मध्ये विक्रीप्रमुख आहे. मला ताई म्हणतो. म्हणाला, ताई, आमच्याकडे मुराबहा आहे, इस्लामी पद्धत."

"म्हणजे काय?" नागेशने विचारलं.

"कंपनी भट्टी स्वतः विकत घेते," ऊर्मिलाने सांगितलं. "खरोखर घेते, स्वतःच्या मालकीची करते. मग आपल्याला ती केवढ्याला पडली ते गिऱ्हाइकाला उघड सांगून, वर ठरलेला नफा लावून, हप्त्यांनी विकते. पैशावर पैसा नाही, वस्तूवर नफा. नफा हक्काचा का, तर मधल्या काळात वस्तूचा धोका विकणाऱ्याच्या डोक्यावर असतो."

"आणि भट्टी जळाली तेव्हा ती कुणाची होती, एवढाच प्रश्न आहे," सईदाबाई म्हणाल्या. "दोन मार्चला ती हानाउच्या गोदामात आली. सोळाला माझ्याकडे पोचायची होती. बारा तारखेच्या रात्री गोदामाला आग लागली. सोळाला भट्टीऐवजी हे पत्र आलं. म्हणतात, नऊ मार्चलाच तुम्ही विक्रीच्या करारावर सही केली, भट्टी तुमची झाली होती, जळाली तर तुमची जळाली."

"केली होतीत सही?"

"नऊ तारखेला मी दुकानाबाहेर पाऊल टाकलं नाही. पण दुकानात मी एकटीच असते, साक्षीदार कुठून आणू? मी त्यांच्या ऑफिसात एकदाच गेले, सत्तावीस फेब्रुवारीला. कपिलने कागदांचा गठ्ठा पुढे केला. म्हणाला, हे भट्टी घेण्याचं वचन. विक्रीचा करार भट्टी आल्यावर. मी सह्या केल्या."

त्यांनी कराराची प्रत काढली. दोन सुटी पानं. पहिल्यावर खर्चाचा छापील तक्ता: भट्टीची किंमत, ट्रकचं भाडं, उतरवणावळ, गोदामभाडं १९८ युरो. खाली बेरीज, नफा, विक्रीची किंमत. दुसऱ्या पानावर सईदाबाईंची सही, तारखेचा रबरी शिक्का ९ मार्च, आणि शेजारी हिरव्या शाईत शरिया सल्लागाराचा गोल शिक्का.

"सही माझीच आहे," बाई हळूच म्हणाल्या. "तेच तर मला कळत नाही."

"किती मुदत दिलीय?"

"परवा, गुरुवारी दुपारी बारापर्यंत. कबुलीपत्रावर सही करा, नाहीतर तारण ताब्यात घेऊ. तारण म्हणजे माझं दुकान. जुनी भट्टी, टेबलं, दुकानाचा भाडेकरार. पंधरा हजार अनामत त्यांच्याकडे आहेच. शुक्रवारी ईद आहे, ऊर्मिलाताई. दुकान गेलं तर माझ्याकडे काही म्हणजे काही उरत नाही."

त्या रडल्या नाहीत. नागेशला वाटलं, रडल्या असत्या तर बरं झालं असतं. विधवा बाईने धर्माच्या भरवशावर पै पै टाकायची आणि या सुटाबुटातल्या लोकांनी तिच्या गळ्यात राख बांधायची. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच.

*

हानाउच्या गोदामाला अजून जळका वास होता. गोदामवाले श्टाइनर काळ्या पडलेल्या भिंतीसमोर फोल्डिंगच्या खुर्चीवर बसले होते. त्यांचं ऑफिसही जळालं होतं.

नागेशने भट्टी पाहिली. दारं वाकलेली, वायरिंग वितळलेलं, नंबराची पट्टी तेवढी शाबूत. शेजारच्या रांगेत फोर्कलिफ्टची बॅटरी चार्जिंगला लावलेली होती. तिच्या जागी आता फक्त खड्डा उरला होता. नागेश गुडघ्यावर बसून बराच वेळ बघत राहिला.

"आग बॅटरीपासून लागली," तो उठून म्हणाला. "कुणी लावलेली नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर," श्टाइनर म्हणाले. "अग्निशमनवालेही तेच म्हणाले."

"वादी-माइनचं कुणी आलं होतं?" ऊर्मिलाने विचारलं.

"कुणीही नाही. तेराला सकाळी मी फोन केला, एका माणसाने ऐकून घेतलं. त्याच दिवशी मी बिल टपालाने पाठवलं. माझा हिशेब सरळ असतो. दिवसाला अठरा युरो, माल आला तो दिवस धरून. जळाला त्या दिवसापर्यंत लावले, त्यापुढचा एक सेंट नाही."

नागेशचा तोल गेला. "तुमच्या गोदामात माल जळाला, आणि तुम्ही जळाला त्या दिवसाचंही भाडं लावलंत?"

"त्या दिवशी रात्री अकरापर्यंत तो सुखरूप होता," श्टाइनर शांतपणे म्हणाले.

परतीच्या एस-बान लोकलमध्ये नागेश धुसफुसत होता. ऊर्मिला वहीत काहीतरी लिहीत होती.

"वहिनी, या माणसाला लाज नाही."

"असेल नसेल. पण हिशेब चोख ठेवतो, आणि ते आपल्या फायद्याचं आहे."

*

वादी-माइनचं ऑफिस वेस्टएंडमध्ये एका देखण्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. दारावर चंद्रकोरीसारखी खूण आणि आत नव्या गालिच्यांचा वास. माणसं मात्र तीनच. रिसेप्शनच्या बाई फेब्रुवारीपासून बाळंतपणाच्या रजेवर होत्या.

संचालक डॉ. फोगेल गोरेपान, नाक उन्हाने रापलेलं. सहा मार्चपासून पंधरापर्यंत ते टिरोलमध्ये स्कीइंग करत होते. भिंतीवरच्या रजेच्या तक्त्यावरही तेच लिहिलेलं होतं.

"सोळाला मी आलो तेव्हा ही फाइल माझ्या टेबलावर होती. करार पूर्ण, सही आहे, शिक्का आहे. मी त्याच दिवशी माणसाहाती पत्र पाठवलं. माझी चूक कुठे आहे?"

"विमा नव्हता का भट्टीचा?" ऊर्मिलाने विचारलं.

"आल्झो, म्हणजे असं बघा, विमा तर असतोच. आमच्या मालकीचा माल रस्त्याला लागला की विक्रीप्रमुख विमा उतरवतो. तो हप्ताही खर्चात दाखवावा लागतो, आमचे सल्लागार फार कडक आहेत. तपशील मी बघत नाही. खरं सांगू? माझ्या मते हे सगळं व्याजच आहे, फक्त लांबचा रस्ता घेऊन येतं. पण बाजारात मागणी आहे."

ज्या गोष्टीवर विश्वास नाही ती विकून हा माणूस आल्प्समध्ये घसरगुंडी खेळत होता, याचा नागेशला इतका राग आला की त्याने पुढे केलेली कॉफी घेतली नाही. चोर हाच, त्याने मनात ठरवून टाकलं.

कपिल मुळ्येला पाहून मात्र त्याचा राग निवळला. पस्तिशीचा, हसरा, उठून दोघांना खुर्च्या देणारा. बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले.

"सईदाताईंसाठी फार वाईट वाटतं. माझ्या आईच्या वयाच्या नाहीत, पण मी त्यांना तसंच मानतो. पण काय करू? करार झाला त्या दिवशी मी इथे नव्हतोच. नऊ मार्चला सकाळपासून वाल्डॉर्फला होतो, एका सॉफ्टवेअर कंपनीच्या लोकांपुढे प्रेझेंटेशन होतं. वीस माणसांनी पाहिलंय मला. सही घेतली ती इद्रिस एफेंदींनी. आमचे शरिया सल्लागार. मी तो करार अजून उघडूनसुद्धा पाहिलेला नाही."

"एफेंदी सही घ्यायला बसतात?"

"हल्ली वय झालंय त्यांचं. विसरतात. सही एका दिवशी घेतात, सांगतात दुसरंच. मी काही बोलत नाही, मोठा माणूस आहे."

"पण ताई म्हणतात, आपण नऊला आलोच नाही."

"माणूस संकटात सापडला की काहीही म्हणतो, मॅडम. मी रागवत नाही त्यांच्यावर. पण आमच्याकडे लपवाछपवी नावालाही नाही. दुसरी बँक तुम्हाला नुसता हप्ता सांगेल. आम्ही ताईंपुढे सगळं मांडलंय. भट्टी केवढ्याला पडली, ट्रकला किती गेले, हानाउला अकरा दिवस राहिली त्याचं भाडं किती, एकेक युरो. एवढा प्रामाणिक व्यवहार तुम्हाला या शहरात दाखवता येईल?"

"नाही दाखवता येणार," ऊर्मिला म्हणाली, आणि उठली.

जिन्यात नागेश म्हणाला, "बिचारा भला माणूस आहे. तो म्हातारा सल्लागार, वहिनी. नाहीतर फोगेल. दोघांतला एक."

"चला, म्हाताऱ्याला भेटू."

*

इद्रिस होजिच बोस्नियाचे. सगळे त्यांना एफेंदी म्हणत. ते ऑफिसात नव्हते. ते गालुसच्या मशिदीत इतिकाफला बसले होते, म्हणजे रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत जगाशी संबंध तोडून मशिदीतच मुक्काम. दहा मार्चला सूर्यास्ताला आत गेले होते, ईदचा चंद्र दिसेपर्यंत बाहेर यायचे नव्हते. त्यांच्यासारखी चाळीसएक माणसं तिथे पथाऱ्या टाकून होती.

सईदाबाई बरोबर आल्या. त्यांनी निरोप पाठवला तेव्हा एफेंदी मागच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी आले. पांढरी दाढी, जाड भिंगांचा चष्मा, चेहऱ्यावर हसू अजिबात नाही.

"इथे व्यवहाराचं बोलत नाहीत," ते जर्मनमध्ये म्हणाले.

"व्यवहार नाही, साक्ष विचारायची आहे," ऊर्मिला म्हणाली.

ते थांबले. कराराची प्रत त्यांनी डोळ्यांजवळ धरली.

"शिक्का माझा आहे. नऊ तारखेला मी ऑफिसात होतो आणि चार कागदांवर शिक्के मारले. त्यात हा होता असं मला आठवत नाही. पण मला सगळंच आठवतं असंही मी म्हणणार नाही. रमजानमध्ये ते खोटं मी बोलणार नाही."

"या बाई त्या दिवशी आल्या होत्या?"

त्यांनी सईदाबाईंकडे निरखून पाहिलं. "मी यांना आज पहिल्यांदा बघतोय, असं वाटतं. शपथ घेता येणार नाही."

नागेशचं पित्त खवळलं. धड हो नाही, धड नाही नाही. "बाईचं दुकान जातंय, आणि तुम्हाला असं वाटतं?"

"करार खरा असेल तर नुकसान बाईंचं," एफेंदी कठोरपणे म्हणाले. "नियम नियमच असतो. विक्री झालेली नसेल तर वस्तू कंपनीची, नुकसानही कंपनीचं. ज्याने धोका घेतला नाही त्याला नफ्याचा हक्क नाही."

"एकच सांगा," ऊर्मिला म्हणाली. "या तक्त्यात गोदामाचं भाडं लिहिलंय. ते अंदाजाने लिहिलं तर चालतं?"

"नाही," म्हातारा एकदम ताठ झाला. "करार होईपर्यंत झालेला खर्च. तोच आणि तेवढाच. पुढे होईल तो अंदाज, आणि अंदाज खर्च म्हणून सांगणं ही फसवणूक. अकरा वर्षं मी ऑफिसात हेच शिकवतोय. तीन महिन्यांनी प्रत्येक फाइल काढून बिलं ताडून बघतो. एका युरोचा फरक निघाला तरी करार परत पाठवतो, हे दोघांनाही माहीत आहे."

"आणि तुमचा शिक्का कुठे असतो?"

"टेबलाच्या खणात. किल्ली कॅलेंडरच्या मागे. चोरायचं काय आहे त्यात?"

ऊर्मिलाने मान डोलावली. निघताना ती म्हणाली, "गुरुवारी सकाळी साडेअकराला मी तुमच्या ऑफिसात बोलणार आहे. तुम्ही आलात तर बरं होईल."

"मला इथून निघता येत नाही," एफेंदी म्हणाले, आणि आत गेले.

बाहेर आल्यावर नागेशने सगळा राग एका दमात काढला. म्हाताऱ्याला नियम पाठ आहेत, माणुसकी नाही. सोवळं नेसून बसायचं आणि शिक्का कुणाच्याही हातात द्यायचा.

"शिक्क्याचं तुमचं बरोबर आहे," ऊर्मिला म्हणाली. "बाकी सगळं चूक. आत्ता आपल्याला सगळ्यात मोठा पुरावा त्यांनीच दिला."

*

गुरुवारी साडेअकराला काचेच्या लांब टेबलाभोवती पाच जण बसले. डॉ. फोगेल घड्याळ बघत होते. कपिलने सईदाबाईंसाठी खुर्ची ओढली, पण त्या पलीकडच्या खुर्चीवर बसल्या. त्यांच्यापुढे कबुलीपत्र ठेवलेलं होतं, आणि शेजारी पेन.

"अर्धा तास आहे," फोगेल म्हणाले.

"पुरे आहे," ऊर्मिला म्हणाली. तिने कराराचं पहिलं पान सरकवलं. "गोदामभाडं एकशे अठ्ठ्याण्णव युरो. गोदामवाले दिवसाला अठरा लावतात, माल आला तो दिवस धरून. भट्टी दोन मार्चला आली. भाऊजी, दोन ते नऊ मार्च किती दिवस झाले?"

"आठ," नागेश म्हणाला. मग त्याने मनात गुणाकार केला आणि त्याचे कान तापले. "एकशे चव्वेचाळीस."

"आणि एकशे अठ्ठ्याण्णव म्हणजे?"

"अकरा दिवस. दोन ते बारा."

"बारा मार्च. ज्या रात्री भट्टी जळाली तो दिवस. नऊ तारखेला केलेल्या करारात बारा तारखेपर्यंतचं भाडं आलं कुठून?"

"अंदाज असेल," कपिल हसून म्हणाला. "आधीच धरलं असेल कुणी."

"अंदाज धरला असता तर सोळापर्यंतचा धरला असता, कारण माल सोळाला निघायचा होता. पंधरा दिवस, दोनशे सत्तर युरो. भाडं बाराला थांबणार हे आगीआधी कुणालाच माहीत नव्हतं. आणि तुमच्याकडे अंदाज चालतच नाही, हे एफेंदींनी मला परवा सांगितलं. म्हणजे हा तक्ता आगीनंतर, श्टाइनर यांचं बिल हातात आल्यावर छापला गेला. बिल तेरा तारखेला टपालात पडलं. फाइल सोळाला फोगेलसाहेबांच्या टेबलावर होती. मधल्या दिवसांत ऑफिसात कोण होतं?"

ऊर्मिलाने एकेक बोट मिटत मोजायला सुरुवात केली.

"फोगेलसाहेब सहापासून पंधरापर्यंत टिरोलमध्ये. एफेंदी दहाच्या संध्याकाळपासून मशिदीत, चाळीस माणसांच्या नजरेसमोर. तीन माणसांचं ऑफिस. उरलं कोण?"

"मी नऊला वाल्डॉर्फला होतो," कपिल म्हणाला. आवाज अजून गोड होता. "वीस साक्षीदार आहेत."

"असणारच. म्हणूनच तर तुम्ही नऊ तारीख निवडलीत. त्या दिवशी तुम्ही बाहेरगावी होतात, एफेंदी शिक्क्यासकट इथे होते, आणि त्यांची आठवण कच्ची आहे हे तुम्ही सगळ्यांना सांगत सुटला आहात. पण नऊला कुठे होतात हा प्रश्नच नाही, मुळ्ये. तेरापासून सोळापर्यंत तुम्ही कुठे होतात?"

कपिलने फोगेलकडे पाहिलं. फोगेल रजेच्या तक्त्याकडे बघत होते.

"सही ताईंचीच आहे," ऊर्मिला पुढे म्हणाली. "सत्तावीस फेब्रुवारीच्या गठ्ठ्यात हे सहीचं पानही होतं, तारखेविना. वचनाच्या कागदांत विक्रीचं पान सरकवलं की दुसऱ्यांदा बोलवायची कटकट नाही. आग लागल्यावर ते कोरं पान कामाला आलं. खणाची किल्ली कॅलेंडरच्या मागेच होती."

"पण त्याने हे का करावं?" फोगेलनी विचारलं. "विमा आहे ना?"

"तक्ता बघा, डॉक्टर. किंमत, ट्रक, उतरवणावळ, गोदाम. तुम्हीच म्हणालात, विम्याचा हप्ता खर्चात दाखवतात. कुठे आहे?"

फोगेलनी पान उचललं. त्यांचं रापलेलं नाक पांढरं पडलं.

"विमा उतरवलाच नाही," ऊर्मिला म्हणाली. "दुसऱ्या कंपनीपेक्षा स्वस्त दाखवून गिऱ्हाईक पकडायचं म्हणून. भट्टी कंपनीची राहिली असती तर तिच्या किमतीचे चौसष्ट हजार युरो बुडाले असते, ते का बुडाले हे विचारलं गेलं असतं, आणि उत्तर द्यायला मुळ्येंना उभं राहावं लागलं असतं. त्यापेक्षा ताईंनी बुडणं सोयीचं."

नागेशला एक गोष्ट अजून पचत नव्हती. "पण वहिनी, एवढं सगळं खोटं करणाऱ्याने भाडं तेवढं खरं का लिहिलं?"

"कारण तीन महिन्यांनी एफेंदी बिल ताडून बघणार होते. एकशे चव्वेचाळीस लिहिले असते तर बिलाशी जुळले नसते, आणि करार परत आला असता. अकरा वर्षांची शिस्त आहे या ऑफिसची. इथल्या माणसाच्या हाताला खर्च खोटा लिहायची सवयच उरलेली नाही. तारीख खोटी मारताना मात्र काहीच वाटलं नाही. आणि मुळ्ये, करार उघडून पाहिला नाही म्हणालात, आणि त्याच दमात सांगितलंत की हानाउचे अकरा दिवस ताईंपुढे मांडले. करारात दिवस लिहिलेलेच नाहीत. नुसता आकडा आहे. प्रामाणिकपणा मिरवण्याच्या भरात तुम्ही स्वतःच तारीख सांगून गेलात."

दार उघडलं. इद्रिस एफेंदी आत आले. अंगावर मशिदीतलाच चुरगळलेला लांब कोट, पायात मोज्यांवर सपाता. दहा दिवसांचं व्रत, चंद्र दिसायला अर्धा दिवस उरला असताना मोडून ते यू-बान मेट्रोने आले होते. सईदाबाई नकळत उभ्या राहिल्या.

"मी दोन रात्री विचार केला," म्हातारा उभ्यानेच म्हणाला. "मला आठवत नव्हतं, पण माझ्या वहीला आठवतं. शिक्का मारण्याआधी मी मालाला स्वतः हात लावून येतो आणि तसं टिपून ठेवतो. मुलाकडून वही मागवली. हानाउला मी या वर्षी गेलेलोच नाही. हा शिक्का माझ्या हाताने पडलेला नाही."

त्यांनी टेबलावरचा करार घेतला आणि सईदाबाईंपुढे धरला. "जळालेली वस्तू कुणी विकू शकत नाही. ही विक्री नाही. नुकसान कंपनीचं. किल्ली कॅलेंडरमागे ठेवली, तो गुन्हा माझा. बाई, मला माफ करा."

नागेशने मान खाली घातली. या माणसाला त्याने परवा काय काय म्हटलं होतं, ते त्याला शब्दशः आठवलं.

फोगेल भराभर बोलू लागले. अनामत आजच परत, कबुलीपत्र रद्द, तारण मोकळं. थोडी नुकसानभरपाईही. फक्त हे या खोलीबाहेर जाऊ नये, अशी विनंती. बाजारात नाव खराब होतं.

"आणखी किती जणांच्या कोऱ्या पानांवर सह्या आहेत?" सईदाबाईंनी विचारलं.

फोगेल कपिलकडे बघू लागले.

"सगळ्या फाइली मी आजपासून उघडतो," एफेंदी म्हणाले. "आणि हा कागद पोलिसांकडे जाईल. मी स्वतः नेईन."

कपिलने कबुलीपत्राशेजारचं पेन उचलून खिशात ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं. मग तो मराठीत बोलू लागला, घाईघाईने, फोगेल आणि एफेंदींना कळू नये म्हणून.

"ताई, मी पैसे उभे करणार होतो. दोन महिन्यांत. तुमचं दुकान मी जाऊ दिलं नसतं. आपल्या माणसाला कुणी बुडवतं का? मी तुम्हाला कधी परकं मानलं नाही."

सईदाबाईंनी कबुलीपत्राचे दोन तुकडे केले. पर्स उघडून त्यात ठेवले. नागेशला वाटलं, त्या आता ओरडतील, आणि त्या ओरडाव्यात असं त्याला मनापासून वाटत होतं. त्या ओरडल्या नाहीत.

"कपिल, मी सहा वर्षं या देशात एकटी धंदा करते," त्या म्हणाल्या. "भाडेकरार, विजेचा करार, मैद्याचा करार. चष्मा लावून, डिक्शनरी घेऊन, शब्दन् शब्द वाचल्याशिवाय मी कुठे सही केलेली नाही. तू बँकेचा माणूस असतास तर तुझाही गठ्ठा वाचला असता. तू माझ्या दीनाचं, माझ्या धर्माचं नाव घेतलंस आणि मला ताई म्हणालास. आयुष्यात पहिल्यांदा मी न वाचता सही केली, ती तुझ्या कागदावर."

सईदाबाईंनी एफेंदींना सलाम केला, ओढणी सावरली आणि त्या दारातून बाहेर पडल्या.